गांडुळं मोजण्याआधी शेण मोजा

सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव बाजूला ठेवून मजकूर थोडक्यात असा: बारा जणींचा बचत गट, ताई त्याच्या सचिव. परतफेड चोख, त्यामुळे बँक ३ लाखांपर्यंत कर्ज द्यायला तयार आहे. गटातल्याच एकीचा भाऊ गांडूळ खताच्या एका कंपनीचं काम करतो. त्यानं योजना आणली आहे. गटानं १ लाख ८० हजार भरायचे. कंपनी १२ बेड (गांडूळ खत तयार करायचे वाफे) आणि ६० किलो गांडुळं देणार, एका दिवसाचं प्रशिक्षण देणार आणि तीन वर्षं खत अन् वाढलेली गांडुळं दोन्ही परत विकत घेणार. प्रत्येकीला महिन्याला ३ हजार सुटतील, असा त्याच्या कागदावरचा हिशेब. बाराजणींच्या घरी मिळून गाई-म्हशी नऊ. बहुतेकींचा होकार आहे. ताईंच्या सासऱ्यांचा मात्र कडाडून विरोध: "गांडूळ रानात असतं, पिशवीत नाही. आणि हे विलायती गांडूळ आपल्या मातीचं नव्हेच." ताई विचारतात, सासऱ्यांना कसं पटवू? आणि मी कच खाल्ली तर बायका म्हणतील, सचिवबाईंनीच पाय मागे घेतला.

ताई,

तुम्ही विचारलंय सासऱ्यांबद्दल, पण पत्र भरलंय आकड्यांनी. त्यात तुमचा स्वतःचा आकडा एकच आहे: नऊ जनावरं. बाकीचे सगळे त्या भावाच्या कागदावरचे. म्हणून आधी गोठ्यात जाऊ, सासऱ्यांकडे मागाहून.

एक जनावर दिवसाला साधारण १० ते १२ किलो शेण देतं. संकरित गाय थोडं जास्त देईल, भाकड थोडं कमी. नऊ जनावरांचं झालं दिवसाला १०० किलो, दोन महिन्यांत ६ टन. बाजारात मिळणारा प्लॅस्टिकचा बेड १२ फूट लांब, ४ फूट रुंद आणि २ फूट उंच असतो. तो एकदा भरायला टनभर तरी माल लागतो आणि खत तयार व्हायला दोन-अडीच महिने. म्हणजे बारा बेडना दर खेपेला १२ टन. तुमच्याकडे ६. त्यात उसाचं पाचट मिसळलं तरी सात-आठ बेडांपुढे गाडी जात नाही. आणि तेही कधी? बाराही घरांतलं शेण पोभर इकडेतिकडे न जाता गटाकडे आलं तर! गोवऱ्या नाहीत, गोबरगॅस नाही, सारवण नाही, आणि मुख्य म्हणजे रानात एक पाटी शेणखत नाही.

हे होणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. खरं धरायचं तर शेणाचा तिसरा हिस्सा मिळेल. त्यात दोन, फार तर तीन बेड चालतील. एका बेडमधून एका खेपेला साधारण ६०० किलो खत निघतं. वर्षाला चार खेपा धरल्या, कारण एप्रिल-मेमध्ये काम मंदावतं, तर तीन बेडांचं वर्षाचं खत ७,२०० किलो. ठोक भाव किलोला ७ रुपये पकडा. झाले ५० हजार. बारा जणींत वाटले तर एकीला वर्षाला ४,२००, म्हणजे महिन्याला साडेतीनशे. मजुरी, पोती, वाहतूक यातून अजून वजा व्हायची आहे. कागदावर ३ हजार आहेत.

मग बाकीचे पैसे त्यानं आणले कुठून? गांडुळांतून. तिथेच खरी मेख आहे. चांगलं खाणं, सावली, ओलावा असला की गांडुळं दोन-तीन महिन्यांत दुप्पट होतात, यात खोटं काही नाही. खोटं आहे ते पुढचं, की ती अशीच दुप्पट होत राहतील. तुमच्या पोरांना वहीवर मांडायला सांगा. ६० किलो गांडुळं दर तीन महिन्यांनी दुप्पट होत गेली, तर दोन वर्षांत होतील १५ हजार किलोंच्या वर. गांडूळ रोज आपल्या वजनाच्या निम्मं खातं असं धरलं, तर त्यांना दिवसाला साडेसात टन शेण लागेल. म्हणजे सहा-सातशे जनावरं! प्रत्यक्षात गांडुळं एवढी वाढत नाहीत. खाणं आणि जागा संपली की अंडी घालणं आपोआप कमी होतं. बेडमध्ये तुम्ही जेवढं शेण टाकाल तेवढीच गांडुळं तगतात. कंपनीनं साठ किलो दिली काय किंवा सहाशे, सहा महिन्यांनी हिशेब शेणावरच येऊन थांबतो.

आता दुसरा प्रश्न विचारा: कंपनी ही परत घेतलेली गांडुळं विकणार कोणाला? खत विकत घेणारे शेतकरी आहेत, तुमच्या शिवारातच आहेत. पण किलोनं गांडुळं विकत कोण घेतं? फक्त नवीन बेड टाकणारा. म्हणजे तुमची गांडुळं पुढच्या गावच्या बचत गटाला, त्यांची त्याच्या पुढच्या गावाला. नवीन गिऱ्हाईक मिळतंय तोवर पैसे येतात, मग एक दिवस फोन लागायचा बंद होतो. सांगलीकरांना हे मी सांगायची गरज नसावी. २०१९ मध्ये इस्लामपूरच्या बाजूला कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत लोकांचे पैसे कसे बुडाले, ते प्रत्येक गावात कोणाला ना कोणाला माहीत आहे. पिल्लं आम्ही देतो, अंडी-कोंबड्या आम्हीच घेतो, हेच बोलणं होतं. आणि कोंबडीच कशाला, अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात गांडुळं परत घेण्याची हमी देणारी एक कंपनी २००३ साली बुडाली, आणि शेकडो लोकांच्या अंगणात न विकली गेलेली गांडुळं तशीच राहिली.

तुमच्याकडची कंपनी तशीच आहे, असं मी म्हणत नाही, मला ती माहीतही नाही. पण तिच्या दराकडे पाहा. तसला बेड दीड ते अडीच हजारांत मिळतो. बारांचे धरा २५-३० हजार. गांडुळं ४०० रुपये किलोनं धरली तरी ६० किलोंचे २४ हजार. झाले ५०-५५ हजार. उरलेले सव्वा लाख कशाचे? एका दिवसाच्या प्रशिक्षणाचे? तेच प्रशिक्षण कृषी विज्ञान केंद्रात नाममात्र पैशांत किंवा फुकट मिळतं.

करारात परत खरेदीचं कलम असेल ते दोनदा वाचा. "मालाची गुणवत्ता योग्य असल्यास" असे शब्द हमखास सापडतील. गुणवत्ता कोण ठरवणार, कुठल्या चाचणीनं, किती दिवसांत, हे लिहिलेलं नसेल तर ती हमी नव्हे. त्या भावाला सरळ विचारा: जिल्ह्यातली, दोन वर्षं पूर्ण झालेली तीन युनिटं दाखव. आणि तिथे त्याला न घेता जा. बेड चालू आहेत का हे बघू नका, ते असतील. गेल्या वर्षी कंपनीनं किती खत उचललं आणि पैसे कोणत्या तारखेला खात्यावर आले, ते पासबुकात बघा.

आता सासरे. तुम्ही त्यांना पटवायला निघाला आहात, पण माझ्या मते त्यांचं निम्मं म्हणणं खरं आहे आणि तुमचंही निम्मं. भांडण लागलंय ते दोन वेगळ्या प्राण्यांवरून.

त्यांच्या रानातलं गांडूळ मातीत राहतं. खाली-वर बिळं करतं, माती खातं, विष्ठेच्या गुळ्या वर आणून टाकतं. डार्विननं म्हातारपणी, १८८१ साली, याच गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि एका एकरात वर्षाला १० टनांवर माती ती वर आणतात असा अंदाज मांडला. बेडमधलं गांडूळ निराळं. आयसेनिया फेटिडा ही जात युरोपातली, युड्रिलस युजेनी आफ्रिकेतली. दोघीही वरच्या थरातला कुजका पाला-शेण खाणाऱ्या. त्या खोल बिळं करत नाहीत, आणि शेण-पाला नसलेल्या उघड्या रानात तगत नाहीत. पेरिओनिक्स एक्सकॅव्हॅटस नावाची आपल्याकडचीही एक जात आहे, बेडमध्ये चालणारी. पण सासऱ्यांना अपेक्षित असलेली नांगरणी तीसुद्धा करत नाही.

तेव्हा "विलायती गांडूळ रानात टिकत नाही" हे बरोबर. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांनी शिबिरांतून हाच मुद्दा लावून धरला आहे, आणि सासऱ्यांनीही तो तिथूनच उचललेला असावा. पण आपण रानात गांडूळ नेत नाहीच, त्याचं खत नेतो. जड धातूंची भीती दाखवली जाते, तीही तपासून घ्या. गांडूळ धातू तयार करत नाही, तुम्ही खायला घालाल तेच त्याच्यात आणि खतात येतं. शहराच्या कचऱ्याचं खत असेल तर विचार करावा लागेल. गोठ्यातलं शेण आणि उसाचं पाचट यांच्या बाबतीत मी तरी झोप मोडून घेणार नाही.

सासऱ्यांच्या विरोधामागे एक न बोललेली गोष्टही असेल, ती म्हणजे शेण. आपल्या घरांत शेण काढते सून आणि शेणाचा हिशेब असतो सासऱ्यांकडे. किती ट्रॉल्या उकिरड्यात जमल्या, कुठल्या तुकड्याला जातील, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. त्यांना दिसतंय की आपल्या रानात जाणारं शेण पोत्यात भरून द्राक्षबागायतदाराला विकलं जाणार. यात त्यांचं काय चुकलं? घरच्या हळदीला शेणखत नाही आणि शेजारच्या बागेला आपलं गांडूळ खत, हा व्यवहार मलाही पटत नाही.

म्हणून त्यांना पटवू नका, त्यांच्याशी वाटणी करा. उकिरड्याचा चौथा हिस्सा मागून घ्या आणि आधीच सांगा, त्यातून निघालेलं पहिल्या वर्षाचं सगळं खत घरच्या रानात जाईल, कुठल्या वाफ्यात ते तुम्ही ठरवा. उघड्या उकिरड्यातलं शेण उन्हात वाळतं, पावसात धुपतं, त्यातलं बरंचसं नत्र हवेत जातं. सावलीतल्या बेडमध्ये तेवढं वाया जात नाही. त्यांना हे तोंडानं सांगण्यात अर्थ नाही. हळदीच्या दोन सऱ्यांना शेणखत, दोन सऱ्यांना गांडूळ खत घालू द्या आणि काढणीला त्यांनाच वजन करू द्या.

एक खरं सांगून ठेवते, म्हणजे उद्या मला दोष द्यायला नको. गांडूळ खत रासायनिक खताची जागा घेतं असं कोणी म्हणालं तर हिशेब करा. त्यात नत्र १ ते दीड टक्का. एकराला दोन टन घातलं तर २०-३० किलो नत्र, म्हणजे युरियाची एखाद-दीड गोणी. ती गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते आणि हे खत दोन टन म्हटलं तर १४ हजारांचं. नत्रासाठी विकत घेतलं तर हा वेडेपणा आहे. त्याचं मोल आहे ते जमीन भुसभुशीत होण्यात, ओल धरून ठेवण्यात, मुळांना बारीक तंतू फुटण्यात. मीठ फुटलेल्या, सतत पाणी पाजून घट्ट झालेल्या तुमच्या भागातल्या जमिनींना ते हवंच आहे.

आता करायचं ठरलं तर कसं, ते. ही पद्धत फक्त तुमच्यापुरती नाही, अशी पत्रं मला विदर्भातूनही येतात.

कर्ज नको. दोन बेड, आणि तेही एकत्र शेडमध्ये नको. सामायिक शेडला मे महिन्यात पाणी मारायला कोण जाणार, यावरून गट फुटलेले मी पाहिले आहेत. ज्या दोघींच्या घरी जनावरं आणि पाणी दोन्ही आहे, त्यांच्या गोठ्यामागे एकेक बेड टाका. प्लॅस्टिकचा बेड नसला तरी अडत नाही, विटांचा कट्टा चालतो. जागा झाडाच्या दाट सावलीत, चिंचेखाली किंवा आंब्याखाली. नुसता पत्रा टाकलात तर एप्रिलमध्ये आत भट्टी होईल; पत्र्यावर पाचट अंथरा. गांडुळांना २० ते ३० अंश मानवतं, ३५ च्या पुढे ती मरू लागतात, आणि तुमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो.

बेडच्या कडेनं पाण्याची बारीक चारी ठेवा, मुंग्यांसाठी. वरून जाळी, कोंबड्या आणि मुंगसांसाठी.

ताजं शेण कधीच घालू नका. सुरुवातीला सगळ्यांचे बेड बसतात ते याच कारणानं. ताजं शेण तापतं, त्यातून अमोनिया निघतो आणि सकाळी गांडुळं बेडच्या कडांवर चढलेली दिसतात. पंधरा-वीस दिवस पसरून, पाणी मारून मुरवलेलं शेण घ्या. हात आत घालून बघा, गार लागलं पाहिजे. पाचट तसंच टाकलं तर महिनोन्‌महिने कुजत नाही. त्याचे वीतभर तुकडे करून शेणकाल्यात महिनाभर भिजवून ठेवा, मग बेडला. उसाच्या एकरातून ३-४ टन पाचट निघतं आणि आजही कित्येक जण ते पेटवून देतात, तेव्हा माल फुकट आहे.

ओलाव्याची परीक्षा मुठीत आहे. बेडमधला ओंजळभर माल घेऊन घट्ट आवळायचा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर जास्त, मूठ उघडल्यावर गोळा विस्कटला तर कमी.

दोन सूचना खास तुमच्या भागासाठी. द्राक्षबागेतली छाटणीची पानं बेडला घालू नका. त्यांच्यावर बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचे थर असतात, आणि मोरचुदातलं तांबं गांडुळांना विष आहे. बागायतदार फुकट पाला न्या म्हणतील, तरी नको. आणि जनावराला जंताचं औषध पाजलं असेल तर त्याचं शेण पंधरा दिवस बाजूला टाका. जंत मारणारं औषध गांडुळाला सोडेल, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

गांडुळं कंपनीकडून घ्यायची गरज नाही. कृषी विज्ञान केंद्रात मिळतील, नाहीतर ज्याचा बेड दोन वर्षं चालू आहे अशा शेतकऱ्याकडून. बेडला दोन-तीन किलो पुरे झाली. खत चहापत्तीसारखं रवाळ दिसू लागलं आणि शेणाचा वास गेला की चार-पाच दिवस पाणी बंद करा. वरचा थर सुकला की गांडुळं खाली जातात. वरून हलक्या हातानं काढत या. खोरं नको. काढलेलं खत सावलीत चाळा, उन्हात वाळवू नका. खालून गळणारं पाणी गोळा करून दहापट पाण्यात मिसळून परसबागेला द्या. त्याला व्हर्मीवॉश म्हणून बाटलीत भरून विकायची घाई नको.

वर्षभर हे दोन बेड नीट चालले तर तिसरी-चौथी पुढे येईल. प्रत्येकीचा बेड आपापल्या घरी, आणि चाळणं, पोती भरणं, विक्री तेवढी गटाची, असं ठेवा. गिऱ्हाईक तुमच्या दारातच आहे. एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीला बागायतदार खत शोधत असतात. खेपा त्या हिशेबानं लावा. ओळखीच्या बागेला सुटं खत देणं सोपं. छापील पिशवीत, स्वतःच्या नावानं विकायचं म्हटलं की खत नियंत्रण आदेश लागू होतो. गांडूळ खत २००६ पासून त्यात आहे, नत्रापासून जड धातूंपर्यंत मर्यादा ठरलेल्या आहेत. त्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांना भेटून परवान्याचं विचारा आणि नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

उरला तो पाय मागे घेतल्याचा प्रश्न. नको म्हणण्याची जबाबदारी एकटीच्या डोक्यावर घेऊ नका. विशेषतः त्या भावाची बहीण गटात असताना. पुढच्या बैठकीत त्याचा कागद फळ्यावर मांडा, शेजारी नऊ जनावरांचं शेण मांडा आणि गुणाकार बायकांकडूनच करून घ्या. त्याच्या बहिणीलाही करू द्या. तिची फसवणूक करायची त्याची इच्छा असेल असं मला वाटत नाही, बहुधा त्यालाच कोणीतरी असा कागद दिलाय. जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. बहुमत तरीही योजनेच्या बाजूनं गेलं, तर गटाच्या नावावर कर्ज न काढता ज्यांना हवंय त्यांनी स्वतःच्या बचतीतून एकच बेड घ्यावा, असा ठराव मांडा. आणि कंपनी एका बेडला तयार नसेल, बाराच घ्या म्हणून अडून बसली, तर तेही इतिवृत्तात लिहून ठेवा.